चाल कोनाच्या बापाची?

जळगावच्या एका कविसंमेलनात मी भीमगीताबद्दल चार शब्द बोललो. खाली उतरलो तर एक प्राध्यापक हसत म्हणाले, "अहो, भीमगीत म्हणजे सिनेमाची उसनी चाल. ती कविता कुठली?" मला उत्तर सुचलं नाही. मी डाळमिलमध्ये पोती उचलणारा माणूस. मान खाली घालून नशिराबादला परत आलो.

आजाला सांगितलं. आजा जन्मभर ढोलकी बडवत आलेला. म्हनला, "येडा का तू? चाल काय कोनाच्या बापाची असते? पान्यासारखी असते ती. ज्याले तहान लागली त्यानं प्यावं."

पाण्याचं नाव निघालं आणि मला महाड आठवलं. 20 मार्च 1927. ज्या तळ्याला शिवायची बंदी होती त्याचं पाणी आपल्या माणसांनी ओंजळीत घेतलं. गाण्याचा इतिहासही असाच आहे दोस्तांनो. तो कुठल्या क्रमिक पुस्तकात नाही, म्हणून इथं लिहितो.

तमाशा जगवला तो आपल्या जातींनी. शिट्ट्या गावाच्या, नाच आपला, इज्जत कोणाचीच नाही. जोतिरावांनी 1873 साली सत्यशोधक समाज काढला. पुढे त्याच्या माणसांनी ह्याच तमाशाचा साचा उचलला आणि सत्यशोधक जलसा उभा केला. मग आंबेडकरी जलसे आले. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांचे साथी गावोगाव फिरले. ढोलकी तीच, सवाल-जवाब तेच. पण देवाची आळवणी गेली, गवळणीची छेडछाड गेली. त्या जागी शाळा आली, पाणवठा आला, दारू आणि सावकार आले. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांचं वर्तमानपत्र म्हंजे जलसा. कर्डकांनी 1978 साली जलशांवर पुस्तक लिहिलं म्हणून एवढं तरी आपल्या हाती आहे.

आणि वामनदादा कर्डक! सिन्नर तालुक्यातलं देशवंडी हे त्यांचं गाव, जन्म 1922 चा. मुंबईत पडेल ते काम केलं. कोणी पत्र वाचायला दिलं, वाचता येईना, रडू आलं. त्या रडण्यातून मोठेपणी अक्षर शिकले. 1943 साली पहिलं गाणं केलं ते हिंदी सिनेमाच्या चालीवरचं विडंबन. होय प्राध्यापकसाहेब, उसनी चाल! 2004 साली दादा गेले तेव्हा त्यांची गाणी ज्या वस्तीत माहीत नाहीत अशी आपली वस्ती उरली नव्हती.

आता समुद्रापलीकडं चला. हे नातं नवं नाही. जोतिरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना. बाबासाहेब 1913 ते 1916 कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि काळ्यांची हार्लेम वस्ती त्याच्या शेजारीच. 1946 साली त्यांनी काळ्यांचे विचारवंत डु बॉइस यांना पत्र धाडलं. 1972 साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं तेही तिथूनच.

तिथल्या काळ्यांकडं काय होतं? चर्चमधलं भजन. 1945 च्या ऑक्टोबरात चार्ल्सटन गावी सिगारच्या कारखान्यात संप झाला. संपात बहुतेक काळ्या बाया. थंडीपावसात गेटावर उभं राहून त्या चर्चचंच गाणं गात. गाता गाता बोल बदलले. ते गाणं टेनेसीच्या हायलँडर शाळेत गेलं आणि 1960 नंतर साऱ्या चळवळीचं झालं. 'वी शॅल ओव्हरकम' ते हेच. आपण शाळेत 'हम होंगे कामयाब' म्हणत उभे राहायचो ना, ते त्याचंच हिंदी रूप. मास्तरांनी कधी सांगितलं नाही की हे संपावरच्या कामगार बायांचं गाणं आहे.

मग सोल आलं. सोल म्हंजे आत्मा. आपण बुद्धाची लेकरं, आत्मा मानत नाही. पण ह्या गाण्यातला आत्मा म्हंजे छातीतली कळ आहे. रे चार्ल्सनं 1954 साली भजनाची चाल उचलून प्रेमगीत केलं, लोक म्हणाले पाप केलं. सॅम कुक मूळचा भजनं गाणारा. 1963 साली लुइझियानात हॉटेलानं त्याला खोली नाकारली, 1964 मध्ये त्याचं 'अ चेंज इज गॉना कम' आलं. 'रिस्पेक्ट' हे ओटिस रेडिंगचं 1965 चं गाणं, पुरुषानं बाईकडं मान मागण्याचं. 1967 साली अरेथा फ्रँकलिननं तेच उलटं करून गायलं. मान मागणारी बाई झाली, आणि बाईबरोबर सारा काळा समाज. चाल कोणाची ते कोणी विचारलं नाही. तोंड कोणाचं ते सगळ्यांना कळलं.

गाण्याची किंमतही दोन्हीकडं द्यावी लागली. बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये 1963 साली बॉम्बनं चार पोरी मेल्या. नीना सिमोननं त्यावर रागाचं गाणं केलं, तर दक्षिणेतून रेकॉर्डी मोडून परत आल्या. आणि आपल्याकडं? 2015 साली शिर्डीत मोबाइलवर भीमगीताची रिंगटोन वाजली, त्यावरून भांडण निघालं आणि एका दलित पोराला ठार मारलं. पोटात भीती नसती तर नुसत्या गाण्यावरून कोणी माणूस मारला असता का?

एक गोष्ट मात्र बोचते. 'वी शॅल ओव्हरकम' कागदोपत्री नोंदलं गेलं ते चार गोऱ्यांच्या नावावर. त्यांनी पैसा चळवळीच्या निधीला दिला, हे खरं. 2018 पासून गाणं सगळ्यांचं झालं, हेही खरं. पण गेटावरच्या बायांची नावं त्या कागदावर नव्हती. आपलंही तेच चाललंय. 14 एप्रिलला डीजेवर गाणं वाजतं, पोरं नाचतात. कोणी लिहिलं? माहीत नाही.

म्हणून मी आजापाशी वही घेऊन बसलो. आपल्या वस्तीत कोण गायचं, कोणाची ढोलकी, कोणाची पेटी, कोणती गाणी. सतरा नावं झाली. त्यातले चौदा जण मेलेले. आजा मधेच थांबतो, म्हनतो, "एक बाई व्हती, जात्यावर भीमाचं गानं म्हनायची. नाव याद येत नाही रे."

वहीत ती ओळ मी कोरी ठेवली आहे. तुमच्या गावातही अशी ओळ असंल. म्हातारी माणसं आहेत तोवर ती भरून घ्या.