गोव्याची बंदूक आणि जपानचे मळसूत्र

संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्या गास गावी विरळाच. वसईचा हा सुपुत्र कोवळ्या वयात जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह हुतात्मा झाला. परंतु त्यांच्या जन्मापूर्वीच आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या कारागिरीची एक वस्तू त्या देशी पोहोचली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. ती वस्तू म्हणजे तोड्याची बंदूक होय.

१५१० साली अल्बुकर्कने गोवा जिंकले. पुढे १५१३ मध्ये आपल्या राजास लिहिलेल्या पत्रात त्याने कळविले की, गोव्याचे कारागीर बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका घडवितात. बोहेमियाच्या बंदुकांची त्या काळी युरोपात मोठी ख्याती होती, हे ध्यानी घेता ही प्रशंसा लहान नव्हे.

१५४३ साली एका चिनी गलबतातून काही पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले. तेथील तरुण अधिपती तोकिताका याने त्यांच्याजवळच्या दोन बंदुका विकत घेतल्या आणि याइता किनबेई नामक लोहारास तशीच बंदूक घडविण्याची आज्ञा केली. किनबेई हा तलवारी घडविणारा निष्णात कारागीर. नळी, दस्ता, चाप, सारे त्याने पाहून पाहून उतरविले. पण नळीचे मागचे तोंड बंद करणारे मळसूत्र काही त्यास साधेना. नळीच्या पोटात आटे कसे पाडावेत, हे बाहेरून पाहून कळण्याजोगे नव्हते. दुसऱ्या वर्षी आलेल्या जहाजावरील एका लोहाराने ती विद्या शिकविली, तेव्हा कोठे काम पुरे झाले. त्या विद्येच्या मोबदल्यात किनबेईने आपली कन्या वाकासा परदेशी दिली, अशी लोककथा त्या बेटावर आजही सांगतात.

पुढे साकाई व कुनितोमो येथे बंदुकांचे मोठे कारखाने उभे राहिले. १६०३ नंतर तोकुगावा राजवटीत शांतता नांदू लागली आणि युद्धाचे हे साधन हळूहळू अलंकाराचेही स्थान बनले. नळीवर रुप्या-पितळेचे नाग, फुले व घराण्यांची चिन्हे अवतरली. लोखंडावर छिन्नीने अगदी बारीक आडव्या-उभ्या रेघा पाडावयाच्या, त्या खरखरीत पृष्ठावर सोन्यारुप्याची तार वा पत्रा ठोकून बसवावयाचा आणि मग घोटून झळाळी आणावयाची, ही त्यांतील एक रीत. आपल्याकडे हिलाच कोफ्तगिरी म्हणतात. सिंहलद्वीपातील बंदुकांवरही हस्तिदंताचे व रुप्याचे असेच मनोहर काम आढळते. तिचा चापही जपानी बंदुकीच्या चापाशी नाते सांगतो.

यांतून घेण्याजोगा बोध कोणता? वस्तूचे रूप डोळ्यांनी उतरविता येते; तिचे मर्म मात्र गुरुमुखातूनच मिळते. आणि कारागिराचे नाव? ते केवळ लेखणी राखते. किनबेईची हकीकत १६०६ च्या सुमारास एका विद्वान भिक्षूने लिहून ठेवली, म्हणून चार शतकांनंतरही ती आपणांस वाचावयास मिळते. ज्यांच्या हातच्या बंदुकीची अल्बुकर्कने वाखाणणी केली, त्या गोमंतकीय कारागिरांपैकी एकाचेही नाव त्या प्रशंसेबरोबर आपल्यापर्यंत आलेले नाही. काम राहिले, कर्ता हरपला.

आपल्या घरीही असेच घडत आहे. आजीची पेटी आपण जपतो. तीवरील नक्षी कोणत्या सुताराने कोरली, हे कोणी विचारीत नाही. आजोबांचे हत्यार भिंतीवर टांगतो. ते धार कसे धरी, हे सांगणारा माणूस मात्र आपल्या डोळ्यांदेखत निघून जातो. समाजबांधवांना एवढीच विनंती की, घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांच्यापाशी बसावे, हातातले कसब शिकून घ्यावे आणि ते करणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे. मळसूत्र एकदा हरवले की, नुसती नळी पुढच्या पिढीच्या हाती राहील.