जर्मन सिल्व्हरची तार आणि सोन्याचा वर्ख

जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या १८७३ च्या विद्युत-चुंबकत्वावरील ग्रंथात, दुसऱ्या खंडात, ५०१ वा परिच्छेद आहे. त्यातला दावा ठाम आहे. चुंबकीय क्षेत्रात प्रवाह वाहणाऱ्या तारेला जो रेटा बसतो तो तारेवर बसतो, प्रवाहावर नाही. तार पक्की जखडून ठेवली, तर चुंबक लावताना उठणारी क्षणिक खळबळ ओसरताच प्रवाह पुन्हा आपल्या मूळ वाटेने जाऊ लागेल.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकणाऱ्या एडविन हॉल यांना हे पटेना. त्यांचा आक्षेप आपल्याला त्यांच्याच लेखात सापडतो. लेखाखाली तारीख आहे १९ नोव्हेंबर १८७९. प्रवाह नसलेल्या तारेवर चुंबकाचा परिणाम होत नाही, आणि प्रवाह असला की रेटा प्रवाहाच्या प्रमाणात वाढतो. तार जाड की बारीक, कशाची, याने सहसा फरक पडत नाही. मग रेटा प्रवाहावर नाही हे कशावरून? स्वीडनचे एडलुंड यांचा लेख नेमका उलट गृहीतकावर उभा होता, तोही त्यांनी याच सुमारास वाचला. ते प्राध्यापक हेन्री रोलंड यांच्याकडे गेले. रोलंडनाही मॅक्सवेलच्या विधानाविषयी शंका होती. त्यांनी पूर्वी घाईघाईत एक प्रयोगही करून पाहिला होता, पण हाती काही लागले नव्हते. हे सगळे हॉल यांनी स्वतःहून नोंदवले आहे. म्हणूनच या शोधात कोणाचा वाटा किती, ते आज इतके स्पष्ट सांगता येते.

पहिला प्रयोग हॉल यांच्या स्वतःच्या कल्पनेचा. चुंबक प्रवाहाला तारेच्या एका कडेला ढकलत असेल, तर प्रवाहाची वाट अरुंद होईल आणि तारेचा रोध वाढेल. जर्मन सिल्व्हरच्या, सुमारे अर्धा मिलिमीटर जाड तारेचे चपटे वेटोळे त्यांनी विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये बसवले. चुंबकासाठी बन्सनचे २० घट होते. क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या आडव्या घटकाच्या १५ ते २० हजार पट असावे, असा त्यांचा अंदाज. रोध मोजायला व्हीटस्टनचा सेतू होता, दहा लाखांत एक भागाचा फरकही टिपणारा. ७ ते ११ ऑक्टोबरदरम्यान १३ मालिका झाल्या, प्रत्येकीत ४० वाचने: चुंबक एका दिशेने चालू, मग बंद, मग उलट दिशेने चालू, पुन्हा बंद. एका मालिकेत दीड लाखात एक भाग घट दिसली, बाकी बहुतेकांत बदल त्याहून कितीतरी कमी. तेराही मालिकांची सरासरी निघाली पन्नास लाखांत एक भाग, आणि तीही घट. म्हणजे काहीच नाही.

हा प्रयोग फसणारच होता, हे आता आकड्यांनी दाखवता येते. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबे, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू. त्यातल्या अणूंच्या सरमिसळीवर इलेक्ट्रॉन सतत धडकून विखुरतात. त्याच्या रोधावरून हिशेब केला तर दोन धडकांमधला काळ १०⁻¹⁵ सेकंदाच्या आसपास येतो. इतक्या वेळात चुंबक इलेक्ट्रॉनचा मार्ग जेमतेम वळवतो, तोच पुढची धडक त्याची दिशा पुसून टाकते. रोधातला बदल या वळणाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. हॉल यांच्या क्षेत्रात तो दहा कोटींत एखादा भाग भरला असता, म्हणजे त्यांच्या सेतूच्या आवाक्याच्या शंभर पट खाली. त्यांच्या मोजणीत खोट नव्हती. पाहायची जागा वेगळी होती.

ती जागा हॉल यांनी नुसत्या तर्काने गाठली, याचे मला फार मोल वाटते. त्यांनी लिहिले की वीज दाबला न जाणारा द्रव असेल, तर चुंबक तिला वळवू पाहील पण वळवू शकणार नाही. अशा वेळी तारेच्या एका कडेकडे दाब राहील. मग रोध न मोजता दोन कडांमधले विभवांतरच मोजावे. यासाठी त्यांनी रोलंड यांच्या जुन्या प्रयोगाची मांडणी उचलली. तिथली धातूची चकती जाड होती, म्हणून ती अपयशी ठरली असावी. रोलंड यांनी सुचवले, काचेवर चिकटवलेला सोन्याचा वर्ख वापरा.

२८ ऑक्टोबरला गॅल्व्हानोमीटरचा काटा सरकला आणि सरकलेलाच राहिला. क्षणिक प्रेरित प्रवाह असता तर काटा परत आला असता. चुंबकाने काट्यालाच ओढले म्हणावे, तर सरक त्या मानाने फारच मोठी होती. पुढच्या मोजण्यांत आडवे विभवांतर प्रवाह आणि क्षेत्र यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात निघाले. पट्टी जितकी पातळ तितके ते मोठे. आणि साध्या सिद्धांतात त्याच्या सूत्रात धडकांमधला काळ येतच नाही. ज्या विखुरण्याने पहिला प्रयोग गिळला, त्याला या दाबाचे काही करता येत नव्हते.

मॅक्सवेल ५ नोव्हेंबरला, म्हणजे आठ दिवसांनी, वारले. त्यांच्या ग्रंथाची तिसरी आवृत्ती जे. जे. थॉमसन यांनी संपादित केली आणि ती १८९२ मध्ये निघाली. त्यांनी ५०१ व्या परिच्छेदातले मूळ शब्द तसेच ठेवले. खाली एक टीप मात्र जोडली: हॉल यांच्या शोधानंतर हे विधान अंदाजे खरे, एवढेच मानावे.