संगणक-जाळ्यांवरील देखरेखीची मुक्तस्रोत परंपरा

संगणकांच्या जाळ्यावर देखरेख ठेवणे म्हणजे कोणते यंत्र बंद पडले, कोणत्या मार्गावर भार वाढला, हे वापरणाऱ्यांची तक्रार येण्याआधी ओळखणे. या कामाची गाजलेली मुक्तस्रोत साधने बहुतांशी जाळी सांभाळणाऱ्यांनीच स्वतःच्या गरजेपोटी लिहिली.

डिसेंबर १९८३मध्ये अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतील माइक मूस यांनी ‘पिंग’ लिहिला. दूरचे यंत्र उत्तर देते की नाही आणि उत्तराला किती वेळ लागतो, एवढेच तो सांगे. १९८८मध्ये एसएनएमपी हा संकेत ठरला आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांकडे एकाच पद्धतीने विचारणा करता येऊ लागली.

इंग्लंडमधील डी मॉन्टफर्ट विद्यापीठाला बाहेरच्या जगाशी जोडणारी ६४ किलोबिटची एकच वाहिनी होती. तिच्यावरचा भार सर्वांना दिसावा म्हणून टोबियास ओटिकर यांनी ‘एमआरटीजी’ तयार केले; १९९५मध्ये ते खुले झाले. त्याची रीत साधी आहे. राउटर आपल्यातून गेलेल्या बाइटची चढती गणती ठेवतो. एमआरटीजी दर पाच मिनिटांनी ती वाचते, मागचा आकडा वजा करते आणि बाकीला ३०० सेकंदांनी भागून आलेख काढते. पुढे वेग वाढला तशी यात अडचण आली. १०० मेगाबिटची वाहिनी पूर्ण भरून वाहिली, तर ३२ बिटांची गणती पावणेसहा मिनिटांच्या आतच शून्यावर येते. म्हणून ६४ बिटांची गणती आली. जुन्या नोंदींची सरासरी काढून फाइलचा आकार कायम ठेवणारे आरआरडीटूल ओटिकर यांनीच १९९९मध्ये दिले. त्याच वर्षी ईथन गॅलस्टॅड यांचे ‘नेटसेंट’ आले. २००२पासून ते ‘नॅगिऑस’ म्हणून ओळखले जाते. २००१मध्ये अलेक्सेई व्लादिशेव यांनी ‘झॅबिक्स’ खुले केले.

भारतात १९८६मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या संगणक-जाळ्याने मुंबईची एनसीएसटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि आयआयटी जोडल्या. १९८८मध्ये पुण्यात सीडॅक ही संगणक-संशोधन संस्था स्थापन झाली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभारला. २००४मध्ये सीडॅकने देशभरच्या संस्थांचे संगणक एकत्र वापरता यावेत म्हणून ‘गरुड’ प्रकल्प हाती घेतला. पहिल्या टप्प्यात १७ शहरांतील ४५ संस्था त्यात होत्या, आणि त्याच्या पायाशी ‘ग्लोबस’ हा मुक्तस्रोत संच होता. एवढ्या विखुरलेल्या यंत्रांची स्थिती एका ठिकाणी दिसावी, यासाठी सीडॅकच्या बंगळूर केंद्राने ‘पर्यवेक्षणम्’ हे साधन घडवले. जाळे, संगणक, साठवण आणि चालू कामे या सर्वांवर ते लक्ष ठेवी.

२०१२मध्ये साउंडक्लाउड कंपनीत ‘प्रोमिथियस’चे काम सुरू झाले आणि २०१४मध्ये ‘ग्राफाना’ आले. क्षणोक्षणी सुरू होणाऱ्या आणि बंद होणाऱ्या सेवांचे मोजमाप त्यांनी सोपे केले. आज तालुक्याच्या महाविद्यालयालाही ही साधने परवाना शुल्काविना मिळतात. देखरेख परवडत नाही, हे कारण आता उरलेले नाही. गरज आहे ती आलेख रोज पाहणाऱ्या आणि इशारा मिळताच कामाला लागणाऱ्या माणसांची.