भारतीय महिला खो-खो संघ

खो-खो या मैदानी खेळाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत भारताचे प्रतिनिधित्व करणारा महिलांचा संघ. दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धा (२०१६ व २०१९), चौथी आशियाई अजिंक्यपद स्पर्धा (२०२३) आणि पहिली विश्वचषक स्पर्धा (२०२५) यांत या संघाने विजेतेपद मिळविले. विश्वविजेत्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे ही पिंपरी-चिंचवड परिसरात घडलेली खेळाडू होय.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात पूर्वापार खेळल्या जाणाऱ्या या खेळाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली प्रथम तयार केले. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांना १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे प्रारंभ झाला. ही पहिली स्पर्धा केवळ पुरुषांसाठी होती. त्यानंतर लवकरच कोल्हापूर येथे महिलांच्या सामन्यांची भर पडली. १९७१ चा अर्जुन पुरस्कार अचला देवरे हिला मिळाला, तेव्हा महिलांच्या खो-खोस राष्ट्रीय मान्यता लाभली. तथापि देशाबाहेर प्रतिस्पर्धी संघच नसल्याने आंतरराष्ट्रीय सामन्यांची संधी त्या पिढीतील खेळाडूंना मिळू शकली नाही. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांत खो-खोची केवळ प्रात्यक्षिके झाली. १९८७ मध्ये कलकत्ता येथील दक्षिण आशियाई स्पर्धांच्या वेळी आशियाई महासंघाची स्थापना झाली आणि १९९६ साली त्याच शहरी पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा भरली.

स्पर्धांतील कामगिरी : २०१६ च्या गुवाहाटी-शिलाँग येथील दक्षिण आशियाई स्पर्धांत खो-खोचा पदकांसाठी प्रथमच समावेश झाला. उस्मानाबादच्या (आताचे धाराशिव) सारिका काळे हिच्या नेतृत्वाखाली महिला संघाने सुवर्णपदक मिळविले. तिला पुढे २०२० चा अर्जुन पुरस्कार देण्यात आला. २०१९ मध्ये नेपाळमध्ये झालेल्या स्पर्धेत नसरीन शेख ही कर्णधार होती. अंतिम सामन्यात भारताने यजमान संघास १७-५ असे नमविले. मार्च २०२३ मध्ये आसामातील तामुलपूर येथे आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नेपाळवरच एक डाव व ३३ गुणांनी विजय मिळाला.

पहिली विश्वचषक स्पर्धा १३ ते १९ जानेवारी २०२५ या काळात नवी दिल्ली येथे भरली. महिला गटात १९ संघ होते. भारताने दक्षिण कोरियास १७५-१८, इराणला १००-१६ व मलेशियास १००-२० असे हरविले. उपांत्यपूर्व फेरीत बांगला देशावर १०९-१६, तर उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेवर ६६-१६ असा विजय मिळाला. अंतिम सामन्यात पहिल्या पाळीअखेर भारताकडे ३४-० अशी आघाडी होती. नेपाळने दुसऱ्या पाळीत २४ गुण मिळवून ती कमी केली. परंतु तिसऱ्या पाळीत भारताचे गुण ७३ झाले आणि सामना ७८-४० असा संपला. स्पर्धेत भारताविरुद्ध वीसपेक्षा अधिक गुण मिळविणारा नेपाळ हा एकमेव संघ ठरला. पुरुषांचे विजेतेपदही भारतानेच मिळविले. त्या संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर हाही पुण्याचाच.

या गुणसंख्येची तुलना जुन्या सामन्यांशी करता येत नाही. पारंपरिक नियमांनुसार एक गडी बाद केल्यास एक गुण मिळे. नव्या, जलद पद्धतीत प्रत्येक गड्याबद्दल एकाहून अधिक गुण दिले जातात आणि संरक्षक दीर्घकाळ टिकल्यास त्यांनाही गुण मिळतात. मातीच्या मैदानाची जागाही आता बंदिस्त क्रीडागारातील गादीने घेतली आहे.

सामाजिक पाया : खो-खोस दोन खांब व मोकळे मैदान एवढेच साहित्य लागते. त्यामुळे खर्चिक साधने परवडत नसलेल्या घरांतील मुलींना तो शाळेतच सहज उपलब्ध होतो. प्रियांका इंगळेचे कुटुंब मूळचे बीड जिल्ह्यातील. पिंपरी, भोसरी व चाकण येथील कारखान्यांमुळे मराठवाड्यातील अनेक कुटुंबे या पट्ट्यात स्थायिक झाली. अवर्षणप्रवण मराठवाड्याशी नाते असलेल्या सारिका काळे व प्रियांका इंगळे या दोघींनी भारताचे नेतृत्व करावे, हे या खेळाचा पाया कोणत्या थरात आहे हे दर्शविते.

मूल्यमापन : या विजयांचे मोल ठरविताना प्रतिस्पर्ध्यांची मर्यादित तयारी विचारात घ्यावी लागते. बास्केटबॉलसारख्या जगभर रुजलेल्या खेळात भारतीय महिला संघाला २०१७ साली बंगळूर येथे आशियाई ‘ब’ गटाचे विजेतेपद मिळवून वरच्या गटात जाण्यासाठी अंतिम सामन्यात कझाकस्तानशी ७५-७३ असे निकराने झुंजावे लागले. ऑलिंपिकपर्यंत तर तो संघ पोहोचू शकलेला नाही. याउलट खो-खोत भारताचे श्रेष्ठत्व निर्विवाद असून प्रतिस्पर्ध्यांचीच उणीव आहे. वर उल्लेखिलेल्या चार विजेतेपदांपैकी तीन मायदेशी मिळालेली आहेत. आशियाई अथवा ऑलिंपिक स्पर्धांत पदकांसाठीचा खेळ म्हणून खो-खोस अद्याप स्थान मिळालेले नाही. नेपाळने २०२५ च्या अंतिम सामन्यात मिळविलेले ४० गुण या दृष्टीने महत्त्वाचे ठरतात. अन्य देशांचे संघ त्या तोडीचे होतील, तेव्हाच या संघाच्या अजिंक्यपदाची खरी कसोटी लागेल आणि त्याची खरी प्रतिष्ठाही तेव्हाच वाढेल.