गुन्हा: विनाशापासून कलमापर्यंत

'गुन्हा' फारसीतून आला हे शाळकरी पोरही सांगेल. मूळ शब्द 'गुनाह'. मराठीने त्यातला 'ह' उचलून 'न'ला चिकटवला. 'तरह'ची 'तऱ्हा' करणाऱ्या, उन्हाळा-न्हाणीत वाढलेल्या जिभेला हे जोडाक्षर सोयीचे वाटले असावे. पण मौज याच्या अलीकडे नाही, पलीकडे आहे. फारसीतला आरंभीचा 'गु' पुष्कळदा जुन्या 'वि' किंवा 'व'च्या जागी आलेला दिसतो. संस्कृतातला 'वृक' म्हणजे लांडगा फारसीत 'गुर्ग' होतो आणि अवेस्तातला वीश्तास्प राजा शाहनाम्यात 'गुश्तास्प'. याच वाटेने उलटे गेले की 'गुनाह'मागे पहलवी 'विनाह' सापडतो, आणि त्यामागे आपला 'विनाश'. धातू तोच, 'नश्'. 'गुन्हेगारा'तला 'गार'ही 'कार'चाच भाऊबंद दिसतो. म्हणजे ठाण्याच्या फळ्यावरचा सराईत गुन्हेगार वंशावळीने 'विनाशकार' ठरतो. उपाधी जरा भारदस्तच झाली!

पहलवी ग्रंथांतला 'विनाह' मात्र पोलिसांच्या अखत्यारीतला नव्हे. ते पाप, देवाघरचे देणे. अरबीतला 'जुनाह'ही इराणकडूनच गेला असावा असे अभ्यासक मानतात, आणि तिथेही रोख दोषाकडे, पापाकडे आहे. उर्दू-हिंदीत 'गुनाह' अजून पापपुण्याच्या सीमेवर रेंगाळतो. प्रेमातही गुनाह होतात. मराठी 'गुन्हा' बहुतांशी सरकारजमा झाला.

तो सरकारजमा कसा झाला, याचा एक धागा पेशवाईच्या कागदांत मिळतो. तिथे 'गुन्हेगारी' म्हणजे आजच्यासारखी वृत्ती नव्हे, तर रोख दंड. वादात जिंकणाऱ्याने सरकारात 'हरकी' भरायची, हरणाऱ्याने 'गुन्हेगारी'. फारसीतले पापीपण इथे जमाखर्चाच्या रकान्यात येऊन बसले. त्याच कागदांतला आणखी एक शब्द 'बदअंमल': फारसी 'बद' आणि अरबी 'अमल', शब्दशः वाईट कृत्य. कुठलेही वाईट कृत्य म्हणता आले असते, पण व्यवहारात तो व्यभिचारालाच चिकटला. त्याबद्दल दंड होई. स्त्रीला बटीक करून गुलामीत टाकल्याचेही दाखले आहेत. धर्माला पाप वाटणारे आणि जातीला कलंक वाटणारे वर्तन तिजोरीला उत्पन्न वाटू लागले की ते गुन्ह्याच्या वाटेला लागते, असे या नोंदी वाचताना वाटते.

संस्कृत 'अपराध' याहून सौम्य. 'राध्' म्हणजे साधणे, सिद्धीस नेणे; 'अप' लागला की हुकणे. ज्याचा बाण लक्ष्यावरून ढळला त्या तिरंदाजाला अमरकोशात 'अपराद्धपृषत्क' म्हटले आहे. ग्रीकांचा 'हामार्तिया'ही असाच नेम चुकण्यातून आलेला. नेम चुकला म्हणून कुणी कोठडीत जात नाही. तरी मराठी कायद्याच्या पुस्तकांनी 'अपराध' पत्करला आणि ठाण्याने 'गुन्हा' सोडला नाही.

1860 ची दंडसंहिता 1 जानेवारी 1862 पासून लागू झाली आणि वर्तनाला क्रमांक मिळाले. 'कलम' अरबीतून, तिथे बहुधा ग्रीक 'कालामोस' म्हणजे वेत किंवा बोरू यावरून. मराठीत ते लेखणी, आंब्याचे रोप आणि कायद्याचा परिच्छेद असे तिन्ही संसार सांभाळते; 'कलम लावले' हे रोपवाटिकेत एक आणि ठाण्यात दुसरेच. कलम 420 ने तर माणसालाच विशेषण दिले. 1 जुलै 2024 पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्यायसंहिता आली आणि फसवणूक तिच्या 318 मध्ये गेली, पण 'तीनशेअठरा माणूस' रुळेल असे वाटत नाही.

जुना बदअंमल 1860 च्या दंडसंहितेत कलम 497 झाला, पण उलटा होऊन. शिक्षा फक्त परपुरुषाला. स्त्री साहाय्यक म्हणूनही दोषी नाही. आणि नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही! दुखावला कोण, तर नवऱ्याचा हक्क. 27 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द केले. घटस्फोटाचे कारण म्हणून व्यभिचार मात्र दिवाणी दारात उभाच आहे.

कृत्यावरून शिक्का माणसावर कसा सरकतो, हे 'ठग' सांगतो. मूळ 'स्थग', झाकणारा. तारीख 'स्थगित' होते तीही त्याच धातूने. 1836 च्या कायद्याने ठगांच्या टोळीचा असणे हाच गुन्हा केला. 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमाती 'गुन्हेगार' ठरवल्या. अशा जमातींना डांबण्यासाठीची सोलापूरची तारेच्या कुंपणातली 'सेटलमेंट' आजही तिथल्या वस्तीचे नाव आहे. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' हे आत्मकथन 1987 चे. तिथे 'उचलणे' हे क्रियापद जन्मलेल्या मुलाची जात होऊन बसते. 'भामटा' तर अवघडच: ते आधी जमातीचे नाव होते की लबाडाचे? कोशांवरून निकाल लागेलसे दिसत नाही.

1952 मध्ये जमातींना गुन्हेगार ठरवणारा कायदा गेला आणि 'विमुक्त' हा शब्द आला. जमातींना तो मिळाला, कृत्यांना नाही. गुन्हा 'ठरतो', 'दाखल होतो', 'माफ होतो'. पण गुन्हा असलेले कृत्य गुन्हा राहिले नाही, याला मराठीत सुटसुटीत क्रियापद नाही. 'निरपराधीकरण' कुणी सुचवेल. मला ते बोलवत नाही.