कागद, जमाव आणि तासाभराची मुदत

पोरांनी घर डोक्यावर घेतलं की मराठी आईबाप त्यांची खरडपट्टी काढतात, हजेरी घेतात. अगदीच कहर झाला तर बिनपाण्यानं करतात. इंग्रज आईबाप अशा वेळी ‘रायट अ‍ॅक्ट’ वाचून दाखवतात. एके काळी हा कायदा खरोखरच वाचला जाई, आणि तो ऐकूनही न हलणाऱ्याला फाशी होती.

१७१४ मध्ये राणी अ‍ॅन वारली आणि जर्मनीतल्या हॅनोव्हरचा जॉर्ज गादीवर आला. ते न रुचलेल्यांनी गावोगाव दंगे केले, विरोधी पंथाची प्रार्थनाघरं फोडली. त्यावर उतारा म्हणून केलेला हा कायदा १ ऑगस्ट १७१५ ला लागू झाला. बारा किंवा अधिक माणसं दंग्यासाठी जमली, की मॅजिस्ट्रेट, मेयर किंवा शेरीफनं जवळ जाऊन मोठ्यानं वाचायचं : राजाची आज्ञा आहे, पांगा, आपापल्या घरी वा कामाला जा. मग तासाची मुदत. त्यानंतरही बारा जण तिथंच असले तर देहदंड, आणि पांगवताना कुणी मेलं तर पांगवणाऱ्याला माफी.

मजकूर लहानसा, पण एक शब्द गाळायची सोय नव्हती. १८३० मधल्या एका खटल्यात शेवटचं ‘देव राजाचं रक्षण करो’ राहून गेलं, म्हणून वाचनच ग्राह्य धरलं नाही.

खरी अडचण ऐकू येण्याची. १६ ऑगस्ट १८१९ ला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर संसदेत सुधारणा मागायला सुमारे ६० हजार लोक जमले. त्यांच्यावर घोडदळ घातलं गेलं, किमान १५ माणसं दगावली. मॅजिस्ट्रेट म्हणाले, कायदा वाचला होता. मैदानातले म्हणाले, आमच्या कानावर काहीच आलं नाही.

वाक्प्रचारात मात्र रागानं बाजू बदलली. कायद्यात चिडलेला असे तो जमाव, वाचणारा सरकारी सुरात वाची. बोलण्यात ऐकणारे खाली मान घालून उभे आणि वाचणारा लालबुंद.

३१ जानेवारी १९१९ ला ग्लासगोच्या जॉर्ज स्क्वेअरमध्ये आठवड्याला ४० तासच काम मागणारे संपकरी जमले होते. शेरीफ वाचू लागला, तोच कुणीतरी त्याच्या हातातला कागद हिसकावून घेतला. पुढे १९६७ मध्ये इंग्लंडात हा कायदा मोडीत निघाला. गृहपाठ बुडवणाऱ्या पोरांपुढे त्याचं वाचन अजून चालू आहे. तासाची मुदत तेवढी मिळत नाही.