खांद्याचं खातं

माणसाला दोन खांदे असतात, आणि ते दुखत नाहीत तोवर त्यांची आठवण फक्त अंत्ययात्रेत होते. माझ्या बाबतीत आधी उजवा धरला. दीड वर्षानं तो सुटतोय म्हणेपर्यंत डाव्यानं चार्ज घेतला. हात वर केला तर फळीवरचा डबा येईना, मागं नेला तर पाठीमागच्या खिशातलं पाकीट निघेना. पहिली अडचण बायकोची. दुसरी, हॉटेलात बरोबर येणाऱ्या मित्रांची.

चाळीसगावात दुखणं लपत नाही. "खांदा दुखस का भो?" असं विचारणारा प्रत्येक जण उपाय तयार ठेवूनच विचारतो. तिळाचं तेल झालं, निर्गुडीचा पाला झाला, तापवलेली वीट झाली. एका डॉक्टरांनी मानेचा फोटो काढला. मान उत्तम निघाली. खांद्याचा काढला, तोही फोटोत छान आला. शेवटी मी या दुखण्याचा इतिहासच वाचायला घेतला. आम्हा कॉमर्सवाल्यांची ही खोडच आहे. जमाखर्च जुळेना की मागची पानं उलटायची.

पहिलं पान सुश्रुताचं. खांद्यातला वायू तिथली बंधनं सुकवतो, शिरा आखडवतो आणि 'अवबाहुक' उत्पन्न करतो, असं त्याच्या संहितेत आहे. म्हणजे माझं दुखणं नवं नव्हतं. फक्त माझ्या नावावर नव्यानं वर्ग झालं होतं.

दुसरं पान आमच्या शेजारचंच. चाळीसगावच्या दक्षिणेला, गौताळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची दोन हजार वर्षांची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या दानलेखात मगिल नावाचा एक राजवैद्य भेटतो. वैद्याची प्रॅक्टिस तेव्हाही बरी चालत असावी, कारण लेण्याला देणगी द्यायला रोग्याची नव्हे, वैद्याचीच ऐपत दिसते! तिथंच सापडलेला दगडी यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ठेंगणा, पोटाळ, दोन्ही हात वर करून डोक्यावरचं पात्र सावरतो आहे आणि चक्क हसतो आहे. त्याच्या हातावर घडवणाऱ्या कण्हदास सोनाराचं नावही कोरलेलं आहे. दोन हजार वर्षं दोन्ही हात वर, आणि वर हसू! मला तर त्याचा हेवाच वाटला.

पुढची पानं परदेशी. १८७२ साली द्युप्ले या फ्रेंच सर्जननं या दुखण्याला एक लांबलचक नाव दिलं. 'फ्रोझन शोल्डर' हे आज सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव मात्र बोस्टनच्या डॉ. कॉडमनचं, १९३४ साली खांद्यावर लिहिलेल्या अख्ख्या ग्रंथातलं. हा कॉडमन मला डॉक्टर कमी आणि ऑडिटर जास्त वाटला. प्रत्येक रोग्याचं कार्ड ठेवायचं, वर्षानं त्याला गाठायचं आणि उपचाराचा खरोखर फायदा झाला का ते लिहायचं, हा त्याचा आग्रह. स्वतःच्या हॉस्पिटलातल्या १९११ ते १९१६ मधल्या ३३७ रोग्यांचा हिशेब त्यानं छापला, आणि त्यात १२३ चुका स्वतःच दाखवल्या. ऑडिटरचं होतं तेच त्याचं झालं, सहव्यावसायिक रागावले. पण त्याचा व्यायाम टिकला. वाकून उभं राहायचं आणि हात घड्याळाच्या लंबकासारखा सैल झुलवायचा.

१९४५ साली नेव्हिएसरनं दाखवलं की सांध्याभोवतालची पिशवीच आखडून चिकटते. म्हणूनच तर अखेर ज्या डॉक्टरांना निदान सापडलं, त्यांनी फोटो न बघता माझा हात स्वतः उचलून पाहिला. तो त्यांनाही उचलेना. "तुम्हाला हलवता येत नाही याला कारणं पुष्कळ," ते म्हणाले, "मलाही हलवता येत नाही, ही खूण. आता साखर तपासा."

खांदा दुखतोय आणि साखर काय तपासायची? पण मधुमेहींत हे दुखणं इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतं, दोन्ही खांद्यांना होतं आणि लवकर सुटत नाही. रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर निघाली. सरासरी शिल्लक कमी पडली की ग्राहकाला दंड, हे मला ठाऊक होतं. इथं दंड जास्त निघाल्याबद्दल होता. खांद्यात इंजेक्शन देऊन दुखणं कमी करता येतं, पण त्यानं साखर काही दिवस चढते. म्हणून आधी साखर, मग सुई.

तो रिपोर्ट हातात घेतला आणि वडील आठवले. ते शिक्षक होते. एका वर्षी त्यांच्या फळ्याचा वरचा अर्धा भाग कोरा राहू लागला. मुलांना वाटलं, सर आता थोडक्यात शिकवतात. 'वात आहे' म्हणून आईनं दोन वर्षं रोज तेल चोळलं. साखर कळली ती पुढं पाच वर्षांनी, डोळे अधू झाल्यावर. खांद्यानं वेळेवर अर्ज केला होता. तो वाचणारं घरात कुणी नव्हतं.

म्हणून वाचकहो, खांदा धरला तर तेल जरूर लावा. तेलानं कुणाचं वाईट होत नाही, दुकानदाराचं तर भलंच होतं. फक्त चोळता चोळता एकदा रक्त तपासून घ्या. खांदा हा जुन्या पठडीतला कारकून आहे. साहेबांच्या घरी काय बिघडलंय ते त्याला कधी कधी साहेबांच्या आधी कळतं. पण तक्रार तो बिचारा स्वतःच्याच नावानं करतो.